नदीतला मासा कुठला?

शाळा डब्यात भरायची, असं मी म्हणाले आणि अणशीच्या त्या पडवीत बसलेली सातही मुलं खो खो हसत सुटली. मला वाटलं, गोष्ट लागली एकदाची. दोन पानं पुढे गेल्यावर एका पोराने हळूच विचारलं, "बाई, मग झाकण कोण लावायचं?"

तेत्सुको कुरोयानागीचं 'तोत्तोचान' मी निदान दहादा वाचलं असेल. जुन्या रेल्वेच्या डब्यांत भरणारी ती टोकियोची शाळा मला आपल्या गल्लीतली वाटते. डबा म्हणजे आगगाडीचा, हे वेगळं सांगायला लागेल असं कधी मनात आलं नव्हतं. कॅसलरॉकचं स्टेशन अणशीच्याच जोयडा तालुक्यात आणि खाली कारवारला कोकण रेल्वे, पण अणशी दोन्हींच्या मधल्या रानात. सातांतल्या दोघांनीच रेल्वे पाहिलेली. डबा म्हटल्यावर बाकीच्यांना जेवणाचा डबा दिसला, त्यात त्यांचं काय चुकलं? मी समजावून सांगितलं. त्या पोराने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा चार पुडांचा स्टीलचा डबा काढून ठेवला होता. सगळ्यात खालच्या पुडात पहिली, सगळ्यात वरच्या पुडात चौथी, झाकणावर मांडी घालून बसलेले मास्तर आणि कडीला टांगलेली घंटा.

आमच्या वहीचं पहिलं पान ते.

वही म्हणजे दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीसाठी असते तसली. कारवारला माझ्या घरी रविवारी आठनऊ मुलं जमतात, अणशीला महिन्यातून दोन शनिवारी सात. दोन्हीकडे एकाच वेळी एकच पुस्तक चाललेलं असतं. वाचताना, वाचून झाल्यावर ज्याला जे सुचेल ते वहीत जातं. चित्र, पत्र, खोटी बातमी, पुस्तकातल्या माणसाशी भांडण, पुस्तकात न घडलेला प्रसंग, काहीही. मग वही बसने घाट चढते किंवा उतरते आणि पलीकडची मुलं त्यावर लिहितात. एवढाच व्याप.

मी शिक्षिका नव्हे. तीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होते. पुस्तक दिलं, तारखेचा शिक्का मारला, परत आलं की कार्ड खिशात घातलं. ते पुस्तक मधल्या पंधरा दिवसांत त्या माणसाच्या घरी काय करत होतं, हे कळायची नोकरीत सोयच नव्हती. निवृत्त झाल्यावर ती हौस भागवून घेतेय. अणशीच का, तर आजोळ जोयड्याकडचं, आणि बस घरासमोरून जाते. कुणाला वाटतं मी समाजकार्य करते. मी त्यांचं म्हणणं खोडत नाही, पण ते खरं नाही.

अणशीच्या फलकांवर इंग्रजी आणि कन्नड. 1987 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 2007 मध्ये दांडेलीशी जोडून व्याघ्र प्रकल्प, 2015 मध्ये त्याचं नाव काळी व्याघ्र प्रकल्प पडलं. पडवीत मात्र कुणबी घरांतली कोकणी. शाळेत मुलं कन्नड शिकतात. आणि मराठी? उत्तर कन्नड जिल्हा 1862 पासून 1956 पर्यंत मुंबईकडे होता. त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्याला मराठी पोथी लागते आणि नातवाला कन्नड पाटी. मी मराठीतून वाचते, अडलं की कोकणीतून सांगते, कधी कन्नड पुस्तक असलं तर मोठी मुलगीच वाचते आणि माझे उच्चार सुधारते. वहीत ह्या तिन्ही भाषा येतात, दोन लिप्यांत. कोकणी वाक्य कन्नड अक्षरांत लिहिलेलं असलं की कारवारची मुलं ते मोठ्याने वाचून बघतात, आणि कानाला कळतं.

सुरुवातीला मी विचारायचे, "ह्या गोष्टीतून आपण काय शिकलो?" त्यावर मुलं ठरलेली उत्तरं देत. खरं बोलावं, झाडं लावावीत. खारीच्या गोष्टीवरही "झाडं लावावीत" आणि सावत्र आईच्या गोष्टीवरही. त्यांचा दोष नाही. प्रश्न ऐकल्यावर परीक्षेचा वास येतो, मग पोरं परीक्षेसारखंच वागणार. पुढे एडन चेंबर्स ह्या इंग्रज शिक्षकाचं 1993 सालचं छोटं पुस्तक हाती आलं. मुलांशी पुस्तकाबद्दल बोलताना 'का?' हा शब्द टाळा, असं तो सांगतो. 'का आवडलं' म्हटलं की मूल आरोपीसारखं उभं राहतं. त्याऐवजी काय आवडलं, काय नाही आवडलं, कुठे कोडं पडलं, आणि परत परत येणारं काही दिसलं का, एवढंच विचारायचं, तेही 'सांग बघू' ह्या सुरात. मराठीत हा सूर आयता आहे. आजीचाच सूर तो. मला तो इंग्रजी पुस्तकातून परत शिकावा लागला, ह्याची थोडी लाज वाटते.

'कोडं कुठे पडलं' हा प्रश्न सगळ्यात चालतो. आवडलं-नावडलं ह्यावर मुलं माझ्या तोंडाकडे बघतात. कोड्याच्या बाबतीत त्यांना माझी भीती वाटत नाही, कारण मलाही उत्तर येत नसतं.

तोत्तोचानमधले मुख्याध्यापक कोबायाशी मुलांना सांगत, डब्यात काही समुद्रातलं आणि काही डोंगरातलं आणा. ज्याच्या डब्यात एखादं कमी असेल त्याला त्यांची बायको दोन भांड्यांतून वाढायची. हे प्रकरण आलं तेव्हा मला आपोआप पुढचं सुचलं: कारवारच्या मुलांनी वहीत समुद्रातलं वाढायचं, अणशीच्यांनी डोंगरातलं. गोड कल्पना. मी स्वतःवरच खूश होते. अणशीकडून आलंही भरभरून. पावसाळ्याच्या तोंडाशी वारुळाजवळ उगवणारी अळमी कशी ओळखायची, तांबड्या मुंग्यांची चटणी वाटताना मुंग्या पाट्यावरून पळू नयेत म्हणून काय करायचं, मुडलीचा कंद माणसाच्या मांडीएवढा कसा होतो. जोयड्याला कंदमुळांचा मेळा भरतो, तिथे घरची मुडली नेलेली एकीने तिचं खरोखर मापाचं चित्र काढायचं ठरवलं. वहीची चार पानं जोडूनही ती मावली नाही. उरलेला भाग पुठ्ठ्यावर आला.

आणि सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, त्या डब्याच्या चित्रवाल्याने लिहिलं होतं: नदीतला मासा कुठला धरायचा? डोंगरातला का समुद्रातला?

मी परत पुस्तक उघडून बघितलं. कोबायाशींनी ह्यावर काही सांगितलेलं नाही.

काळी नदी जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि 184 किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. वरच्या मुलांनी तिचं पाणी प्यायचं, खालच्यांनी तिच्या मुखाशी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायच्या. प्रश्न कारवारला पोचल्यावर तिथे दोन तट पडले. एकाचं म्हणणं, मासा म्हटला की समुद्र, दुसरा विचार नाही. दुसरीचं म्हणणं, पाणी जिथलं तिथला मासा. तिसरा, ज्याची आई खाडीत तिसऱ्या काढते, दोन दिवस गप्प होता. मग त्याने वहीत लिहिलं की तिसऱ्या भरतीला समुद्रातल्या असतात आणि ओहोटीला नदीतल्या, त्यामुळे ज्या वेळी डबा उघडाल ती वेळ बघा. खाली भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता, आठवडाभराचा.

असा प्रतिसाद मी प्रश्नपत्रिका काढून मिळवला असता का? हा तक्ता पुस्तकाबद्दल आहे का, असंही कुणी विचारेल. आहे. कोबायाशींच्या नियमात जी फट होती ती त्या दोघांनी शोधली, एकाने वरून आणि एकाने खालून. आणि ते एकमेकांना भेटलेले नाहीत.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी वही कारवारला पाठवण्यापूर्वी मी ती 'नीट' करायचे. जुनी सवय, हातात लाल पेन. सहावीतल्या एका मुलीने तोत्तोचानला पत्र लिहिलं होतं. तिच्या घरामागच्या झाडावर मिरगाच्या आधी काजुले येतात, आवय दिवा विझवते आणि सगळी बाहेर बसतात, असं काहीसं. मी 'काजुले' खोडून 'काजवे' केलं, 'आवय'ची 'आई' केली, वेलांट्या सुधारल्या. कारवारहून वही परत आली तेव्हा तिच्या पत्राखाली एकच ओळ होती: हे पुस्तकातून उतरवलंय का? त्या मुलांच्याही घरी काजुलेच असतात, आवयच असते. तिच्या माझ्यात, माझ्या त्यांच्यात भाषेची काही अडचणच नव्हती. अडचण माझ्या पेनाची होती. ती ओळ मुलीने वाचली. त्यानंतर दीड महिना तिने वहीत फक्त चौकटी काढल्या, आत काहीच नाही.

मी तिची माफी मागितली. तिने "बरं" म्हटलं. मुलांचं 'बरं' फार अवघड असतं, त्यातून काही कळत नाही. लाल पेन मी बसमध्ये मुद्दाम विसरले, असं सांगायला आवडलं असतं, पण ते अजून टेबलावर आहे, दूधवाल्याच्या हिशोबाला.

ही वही माझी कल्पना, असा माझा समज होता. तोही यथावकाश उतरला. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते, तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक! आपल्याकडच्या कितीतरी शाळांतून वर्षाला एक हस्तलिखित निघतं, तेही स्नेहसंमेलनाला पाहुण्यांनी उघडून मिटावं म्हणून. गुरुजींबद्दल आदर पुरेपूर, पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. तिथे लिहिणारे गुरुजी आणि वाचणारी मुलं. माझ्यासारख्या सामान्य बाईने तसं केलं तर वहीत उपदेशाशिवाय काही उरणार नाही.

त्याच सुमाराला फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचा शिक्षक होता. पहिल्या महायुद्धात फुफ्फुसाला जखम झालेली, वर्गात फार वेळ बोलायला श्वास पुरायचा नाही. 1924 मध्ये त्याने बार-सुर-लू ह्या डोंगरावरच्या गावातल्या शाळेत छोटं छापखान्याचं यंत्र आणलं आणि मुलं आपलं लिखाण स्वतः खिळे जुळवून छापू लागली. 1926 पासून त्यांची पानं ब्रिटनी प्रांतातल्या त्रेगँक ह्या समुद्रकाठच्या शाळेत जाऊ लागली आणि तिकडची इकडे. डोंगर आणि समुद्र, शंभर वर्षांपूर्वी! हे वाचलं त्या रात्री मला जरा मत्सर वाटला, मग बरं वाटलं. बोलता येत नाही म्हणून ज्याने मुलांना बोलतं केलं, त्याच्याकडून घेण्यासारखं माझ्याजवळ एकच होतं: गप्प बसणं. आणि ते मला सगळ्यात कठीण जातं.

यासुआकीचं झाडावर चढणं वाचलं त्या दिवशी तर मी अक्षरशः तोंडावर पदर धरून बसले. पोलिओ झालेल्या त्या मुलाला तोत्तोचान शिडी लावून, ओढून, ढकलून झाडावर नेते. माझे डोळे भरून येतात तिथे, दर वेळी. अणशीची मुलं गंभीर झाली, पण वेगळ्याच कारणाने. शिडीचं काम त्यांना पटलं नाही. कोणत्या झाडावर फांदी कुठे फुटते, वेलाचा दोर कसा वळायचा, माणूस पाठीशी बांधून चढताना वजन कुठे घ्यायचं, ह्यावर अर्धा तास चर्चा झाली. नंतर वहीत आकृती आली, बाणांसकट. यासुआकीची दया कुणालाच आली नव्हती. तो वर पोचला पाहिजे, एवढंच. मी तिथे 'सहानुभूती' हा शब्द वापरायला निघाले होते. बरं झालं, वेळेवर गिळला.

सातांतला एक मुलगा पुस्तक अर्ध्यावर असताना गेला. व्याघ्र प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबांना मोबदला मिळतो, त्याच्या घरच्यांनी तो घेतला. त्याची पाळी होती ते पान तसंच आहे. मी उलटून पुढे लिहा म्हटलं, कुणी ऐकलं नाही. तोत्तोचानची शाळा 1945 मध्ये बॉम्बहल्ल्यात जळते ते शेवटचं प्रकरण आम्ही वाचलं, तेव्हा डब्याच्या चित्रवाल्याने त्या कोऱ्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात फक्त त्या मुलाचं नाव लिहिलं. खाली जागा ठेवली.

यंदा पावसात घाटात दरड आली आणि रस्ता बंद झाला. वही कारवारला अडकली. रस्ता सुरू झाल्यावर मी ती नेहमीप्रमाणे कंडक्टरच्या हाती दिली. गेली दोन वर्षं तोच आहे, हुबळीकडचा, घरचं बोलणं कन्नड. ह्या खेपेला कारवारच्या पोरांनी समुद्रातलं म्हणून प्लास्टिकच्या पुडीत सुकी सुंगटं चिकटवली होती. पुढच्या शनिवारी तो मला बघून म्हणाला, "बाई, वहीत काय घातलंत? अख्ख्या बसला वास." मी ओशाळले. मग तो म्हणाला, "आणि त्या घाटाच्या पानावर मी लिहिलंय. रागावू नका."

अणशीत वही उघडली. घाटाला वळणं किती, ह्यावर मुलांचा जुना वाद होता, एकाचं म्हणणं सत्तावीस, दुसरीचं एकतीस. तोत्तोचानला कारवारहून अणशीला आणायचं तर तिला सांगायला हवं ना, म्हणून. त्याखाली निळ्या शाईत, कन्नडमध्ये, तिकिटावर लिहितात तसल्या घाईच्या अक्षरात होतं: दोन्ही चूक. चढताना मोजलीत का उतरताना, ते आधी सांगा.