व्होल्गेकाठचा गड

पोवाडा रचायला बसलो की मी आधी ऐकणारा डोळ्यांपुढे आणतो, मग शब्द. ही शिस्त मला अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्टालिनग्राडच्या पोवाड्या’ने लावली.

अण्णा भाऊंचं गाव वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचं कुटुंब पोटासाठी चालत मुंबईला निघालं, तेव्हा आमचा सगळा वाळवा तालुका साताऱ्यात होता. मधे अण्णा भाऊ गावी परतले आणि चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशात राहिले. तिथं कान तयार झाला. पुन्हा मुंबईत आल्यावर माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांनी पहिली रचना केली ती तिथल्या मच्छरांवर. जिथं राहतो तिथलंच दुखणं आधी गायचं, हे मला फार खरं वाटतं.

मग १९४२ साल आलं. अण्णा भाऊ ज्या कम्युनिस्ट पक्षाचे होते त्याच्यावरची बंदी उठली आणि तिकडे रशियात व्होल्गेकाठच्या स्टालिनग्राडला वेढा पडला. लालबाग-परळच्या गिरणी कामगारानं व्होल्गा कुठं पाहिली होती? पण सातारा-कोल्हापूरकडून आलेला तो माणूस तानाजीचा पोवाडा ऐकत वाढलेला. वेढा, मोजकी माणसं, शेवटपर्यंतची झुंज हे पोवाड्याच्या अंगातच आहे. डफावर थाप पडली, झीलकऱ्यांनी ‘जी जी’ धरली, की परक्या मुलखातलं शहर त्याला आपल्या गडासारखं कळणार. १९४४ साली बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह अण्णा भाऊंचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. युद्धातल्या मुंबईचं हे मराठी वाङ्मय घर सोडून आलेल्यांनी घडवलं, आणि माझ्या मते त्या वर्षांतल्या छापील कवितेपेक्षा ते जास्त लोकांपर्यंत पोचलं.

एक गोष्ट मात्र मला टोचते. त्याच काळात इकडे साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांशी लढत होतं आणि तिकडे कम्युनिस्ट पक्ष महायुद्धाला लोकयुद्ध म्हणत होता. आपल्याच मातीतला शाहीर दूरचा गड गात होता. वारणेकाठचं इंग्रजांविरुद्धचं बंड घेऊन त्यांची ‘फकिरा’ कादंबरी आली ती १९५९ साली.

त्या पोवाड्यांचे शब्द पुस्तकांत सापडतात. चाली माणसांच्या गळ्यात होत्या, आणि ती माणसं आता थोडी उरलीत. तुमच्या घरात, वाडीत कुणी कलापथकाच्या चाली ऐकलेलं असेल, तर त्यांच्यासमोर बसा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. झीलसुद्धा.