बैलांच्या कोठ्यात चिरूट

सिगार म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? चर्चिल, फिडेल कॅस्ट्रो, नाहीतर जुन्या हिंदी पिक्चरमधला गाऊन घालून फिरणारा व्हिलन. गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांधावरचा रिकामा बैलांचा कोठा काही येत नाही. (पुण्याच्या मंडळींनी उगाच हसू नये, आमच्याकडे गोठ्याला कोठाच म्हणतात. :-) ) पण गेल्या दोन वर्षांतले माझे बरेच वीकांत आणि बोनसचा बराचसा भाग या कोठ्यात गेलाय. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

आमचं गाव सडक अर्जुनी तालुक्यात. शेती धाकटा भाऊ बघतो. ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले आणि कोठ्यात उरलं काय, तर मोडका वखर, युरियाची रिकामी पोती आणि एक मांजर. मातीच्या जाड भिंती, ऐनाच्या लाकडाचे खांब, वर कवेलू. आयटीवाल्याला अशी जागा दिसली की लगेच डोक्यात किडा वळवळतो. मला वर्षाला तीन-चार सिगार ओढायची सवय. पुण्यात फ्लॅटच्या बाल्कनीत ओढली तर वरच्या मजल्यावरून खोकल्याचे आवाज येतात. मग म्हटलं, इथे दोन वेताच्या खुर्च्या, एक दिवा, पुस्तकांची फळी... बास!

आता थोडी इंजिनीअरगिरी. सिगारच्या पानात ओलावा राहावा लागतो, म्हणून ती साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि हवा अशी कोरडी की ओठ फुटतात. जुलैत उलट, माचिसची काडीसुद्धा पेटत नाही. त्यात तापमान २४-२५ च्या वर राहिलं की तंबाखूतल्या किड्याची अंडी फुटतात आणि सिगारला बारीक भोकं पडतात. म्हणजे कोठ्यात सिगार साठवायच्या तर एसी हवा, आणि एसीसाठी कवेलूखाली फॉल्स सीलिंग हवं. ते केलं की कोठ्याचा कोठेपणाच गेला. शेवटी सिगारचा मुक्काम पुण्यात, थंड कपाटात. गावाला जाताना दोन नग हवाबंद डब्यातून न्यायचे. डब्यातला आर्द्रतामापक खरं बोलतो का, हे तपासायची युक्ती मस्त आहे: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थोडे थेंब घालून चिखलासारखं करा आणि मापकाबरोबर रात्रभर बंद डब्यात ठेवा. काटा ७५ वर आला पाहिजे. माझा ७१ वर होता!

कवेलू तसेच ठेवल्याचा फायदा असा की धूर आपोआप वर जातो आणि फटींतून निघून जातो. फक्त तणसाचा ढीग भिंतीला लागून होता, तो पार विहिरीपलीकडे हलवला. तणीस आणि ठिणगी शेजारी नकोत.

बिडीला हे असले लाड लागत नाहीत. सादळली तर चुलीपाशी ठेवायची, झालं काम. आणि गोंदिया म्हणजे बिडीचाच मुलूख. तंबाखू बाहेरून यायचा, पण तेंदूपत्ता इथल्या जंगलातला आणि हातही इथलेच. या धंद्यातून मोठे झालेले मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी पोरांच्या डिग्रीवर तिच्या कॉलेजांचा शिक्का आहे. आता गंमत बघा. सिगार आतून-बाहेरून तंबाखूच्या पानाची. बिडीचं पान तेंदूचं, आत तंबाखू ग्रॅमच्या चौथाईइतकाही नसतो. एका मोठ्या सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. पण तेंदूच्या पानातून हवा कमी जाते, बिडी विझू नये म्हणून सारखे झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे इवलीशी दिसली तरी ती सिगरेटपेक्षा कमी घातक नाही. आणि सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी, असंही नाही. तोंडाचा कॅन्सर दोन्हींत भेदभाव करत नाही.

हे सगळं मला पुस्तकातून कळायच्या आधी घरातच ठाऊक होतं. माझी आई बिड्या वळायची. रात्री पाला भिजवायचा, सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने पानं कापायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. वळायची, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. पंचवीसचा एक कट्टा, आणि दिवसाकाठी हजार बिड्या झाल्या तर दिवस चांगला. ठेकेदार त्यातल्या मूठ-मूठ 'छाट' म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत आणि त्या परतही नाहीत. बिडी कामगारांसाठी १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला, त्यातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळे. मलाही मिळाली. माझ्या पहिल्या कॅल्क्युलेटरमध्ये थोडा तंबाखू आहे म्हणा ना.

आईने आयुष्यात एक बिडी ओढली नाही. खोकला मात्र तिला आहेच. वळताना उडणारी तंबाखूची भुकटी वर्षानुवर्षं नाकातोंडात गेली, त्याचा. आणि ती पाला कापत बसायची कुठे? तर याच कोठ्यात, दाराशी, बैलांच्या सोबतीला. उजेड तिथेच चांगला यायचा.

भावाचं गणित वेगळं. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जवळ, टूरिस्ट येतात. तो म्हणाला, "दादा, दोन खोल्या काढू अन् तुझी सिगार रूम पाहुण्यांना दाखवू. नागपूरचे लोक पैसे देतील." धानात काय उरतं हे मला माहीत आहे, त्यामुळे त्याला उडवून लावणं शक्य नव्हतं. कायदा काढून वाचला. २००३ च्या तंबाखू कायद्याखाली २ ऑक्टोबर २००८ पासून जे नियम लागू झाले, त्यांत वेगळी धूम्रपानाची जागा ठेवायची मुभा आहे ती तीस किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलला आणि तीस किंवा जास्त खुर्च्यांच्या रेस्टॉरंटला. आमच्या दोन खोल्या! पाहुणे आले की कोठ्यात धूर बंद. म्हणजे एकतर भावाचं उत्पन्न, नाहीतर माझी ऐश.

आईला विचारलं. ती बराच वेळ कवेलूंकडे बघत होती. मग म्हणाली, "तुले ओढायची तं ओढ, मी काही म्हणत नाही. पण या जागी मी पंधरा वर्स तंबाखू खाल्ला नाकानं. आता मले इथं हवा पायजे." झालं. याच्यापुढे कुठला डिझाइन रिव्ह्यू?

आता ठरलंय ते असं. कोठा भावाचा, पाहुण्यांना बसायला आणि जेवायला. वेताच्या खुर्च्या आणि पुस्तकांची फळी राहिली. पूर्वेच्या भिंतीला मोठी खिडकी पाडतोय, चौकट गावच्या सुताराकडे आहे, रोवणी संपल्याशिवाय तो हात लावणार नाही. मला विहिरीपलीकडे मोहाच्या झाडाखाली एक दगडी ओटा मिळालाय, तणसाच्या विरुद्ध बाजूला. वर्षाला तीन-चार सिगारला तेवढा पुरतो.

दुपारी आई कोठ्याच्या दाराशी भाजी निवडत बसते. जागा तीच, उजेड तोच. सुपात आता अंबाडी असते.

असो. कुणाला नागझिऱ्याला यायचं असेल तर पावसाळा संपल्यावर या. सिगार आपापली आणावी, ओटा दाखवीन. :-)