योसेफापासून वाच

चि. बाळ यास,


तुझ्या उपदेशाचा कागद काल आला. रात्रीच उत्तर लिहिलं असतं तर शब्द आवरले नसते, म्हणून सकाळ होऊ दिली. तू विचारलंस एवढंच, की डोंगरावरच्या प्रवचनातल्या 'दिकायोसुने'ला 'नीतिमत्त्व' म्हणावं की 'न्याय'. पण त्याच कागदाच्या पाठीमागे तू सहज लिहून गेलास, की वस्तीतली एक विधवा ऊसतोडीच्या मुकादमाची तक्रार घेऊन आली आणि तू तिला क्षमा करायला सांगून परत पाठवलंस. माझा जीव तिथेच अडकलाय.

आधी शब्द. मत्तय, पौल लिहितात ग्रीकमध्ये, पण त्यांचा कान हिब्रू शास्त्रावर घडलेला. त्या शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात, सेप्टुअजिंटमध्ये, हिब्रू 'त्सेदाका'साठी बहुतेक ठिकाणी हाच शब्द येतो. आमोसाकडे त्सेदाका न्यायनिवाड्याच्या जोडीनेच येते, आणि तो कुणावर चिडलाय ते पुन्हा वाच: गरिबाकडून धान्य उकळणाऱ्यांवर, वेशीत बसून त्याचा हक्क बुडवणाऱ्यांवर. मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचं पहिलं वचनही बघ. जुन्या हस्तलिखितांत तिथे दिकायोसुने आहे, नंतरच्यांत 'दानधर्म' आला. नीतिमत्त्व हा शब्द खोटा नाही रे. पण आपल्या मंडळीत तो दारू-तंबाखूपाशी येऊन थांबतो, आणि तूही तिथेच थांबलास.

ल्यूथरवर तू पानभर लिहिलंस, ते चांगलं आहे. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातलं देवाचं नीतिमत्त्व म्हणजे शिक्षा, असं समजून तो किती वर्षं धास्तावला होता! ते देवाचं देणं आहे हे कळलं तेव्हा तो सुटला. मान्य. पण ज्याला ते देणं मिळालं त्याने दाराशी आलेल्या बाईला काय द्यायचं, हे तुझ्या पानात कुठेच नाही.

योसेफापासून वाच. नव्या करारात त्याच मुळाचा 'दिकायोस' पहिल्यांदा भेटतो तो त्याच्या नावापुढे. नियमशास्त्र त्याच्या बाजूचं होतं. मरीयेला चारचौघांत उभं करता आलं असतं, त्याने केलं नाही. मग द्राक्षमळ्याचा धनी बघ. उशिरा आलेल्यांना तो 'जे दिकायोन, म्हणजे जे योग्य, ते देईन' म्हणतो, आणि तासभर राबलेल्यालाही पूर्ण दिनार देतो, म्हणजे एका दिवसाची मजुरी, घरची चूल पेटेल इतकी. आणि लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा! ती न्यायाधीशाकडे जे मागते, त्या क्रियापदातही त्याच कुळातला 'दिके', म्हणजे न्याय, आहे. तिला गप्प बस, सोस, असं येशूने सांगितलेलं मला कुठे सापडत नाही. उलट तिचा हट्ट त्याने प्रार्थनेचा कित्ता म्हणून शिष्यांपुढे ठेवला.

पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल साध्या मराठीत आणलं, ते कुणासाठी? खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. त्याही विधवाच होत्या. तुझ्या आजीने तुला ते पुस्तक कोणत्या आशेने दिलं, हे मी वेगळं सांगायला नको. 

आता वस्तीतल्या त्या विधवेचं सांग. नवऱ्याने घेतलेली उचल तिच्या नावावर चढवली आहे का? किती फिटली, किती राहिली, कुणी लिहून ठेवलंय? नसेल तर आजच जा, तिच्याकडून सगळा हिशेब वहीत उतरवून घे, आणि मुकादमाकडे जाताना तिच्याबरोबर तू जा. पाळक सोबत असला की बोलणं वेगळं होतं. दिवाळी जवळ आली, टोळ्या निघतील. तिने थोरल्या मुलीलाही कोयत्यावर न्यायचं ठरवलंय की काय, या विचाराने मला झोप नाही. पोरीच्या शाळेचं विचार. कुणी ठेवून घेणारं नसेल तर माझ्याकडे पाठव, खोली रिकामीच आहे.

उपदेश पुढच्या रविवारी लिही. आधी तिच्याकडे जाऊन ये आणि मला लगेच कळव.

तुझी,
आत्या