मेडे मराठीत नको

समुद्रावर जीव धोक्यात आला तर मारायची हाक आपल्या भाषेत असावी, असं मी बरीच वर्षं ठामपणे म्हणत आलो. कोकणातला तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख, मराठी बोलतो, मग बोट बुडायला लागल्यावर त्याने वायरलेसवर ‘मेडे, मेडे, मेडे’ कशाला ओरडायचं? ‘वाचवा’ म्हणावं की! ते मत मी आता सोडलं आहे.

सोडलं ते या शब्दाची जन्मकथा वाचून. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर फ्रेडरिक मॉकफर्ड हे वरिष्ठ रेडिओ अधिकारी होते. तिथली बरीच विमानं पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावर ये-जा करत. तारायंत्रावर ‘एसओएस’ चटकन ओळखू येई: तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं. पण रेडिओवर माणसं तोंडाने बोलू लागली आणि खरखरीत ‘एस’ नीट ऐकूच येईना. तेव्हा, 1923 च्या सुमारास, ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच उच्चारावरून मॉकफर्डनी ‘मेडे’ सुचवला. 1927 मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तो स्वीकारला.

म्हणजे इंग्रजानेसुद्धा आपला ‘हेल्प’ धरून ठेवला नाही! हेच मला पटलं. डिझेल संपलं, जाळं अडकलं, तरी आपण ‘मदत करा रे’ म्हणतोच. बुडणाऱ्याचा ‘वाचवा’ त्या गलक्यात कुठे उठून दिसणार? मेडे लागोपाठ तीनदा म्हणतात, त्यामुळे नुसता उल्लेख आणि खरी हाक यांत गल्लत होत नाही. वायरलेसच्या चॅनल 16 वर, म्हणजे संकटाच्या हाकेसाठीच्या चॅनलवर, तो ऐकू आला की बाकीच्यांनी आपलं बोलणं थांबवायचं, असा नियम आहे. शिवाय रत्नागिरीच्या बोटीवर खलाशी नेपाळी असतो आणि जवळून जाणाऱ्या मालवाहू जहाजाचा कप्तान कुठल्याही देशाचा. या सगळ्यांना एकदम कळेल अशी मराठी हाक नाही, आणि ती नसण्यात मराठीचा काही कमीपणाही नाही.

शिकवण्याच्या बाबतीत मात्र मी हटणार नाही. मेडेनंतर बोटीचं नाव, ठिकाण, काय झालंय, माणसं किती, हे सांगायचं असतं. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून ते बिनचूक यायचं तर सराव मराठीतूनच व्हायला हवा. पावसाळी बंदीत बोटी किनाऱ्याला असतात; मच्छीमार सोसायट्यांनी तेव्हा हा सराव घ्यावा, आणि तांडेलाबरोबर प्रत्येक खलाशालाही बसवावं.