मामूंची लाल मोटार

माझे मामू इंदापूरला राहतात. त्यांचे मोटारदुरुस्तीचे गॅरेज आहे. आम्ही बारामतीचे. शाळेला सुट्टी लागली, की मी एस.टी.ने थेट मामूंकडे जात असे.

मामूंनी काही वर्षे दुबईत एका गॅरेजमध्ये काम केले होते. तिथे शौकीन लोक टोयोटा सुप्रा, निसान स्कायलाईन, माझदा आरएक्स-७ अशा जपानी मोटारी घेऊन येत. कुणाला रुंद चाके हवी असत, कुणाला जास्त ताकद. मामू परत आले, ते हे वेड घेऊनच! पण अशा मोटारी इकडे कुठल्या मिळायला? म्हणून २०१६ साली त्यांनी एक जुनी लाल मारुती ८०० घेतली. म्हणाले, "हीसुद्धा जपानचीच लेक आहे." ते खरेच होते. सुझुकीच्या एका मोटारीवरून ती तयार झाली होती. १९८३ साली दिल्लीत पहिली मारुती रस्त्यावर आली.

मामूंनी आम्हा सर्वांनाच वेड लावले. एकदा त्यांनी गॅरेजच्या लोखंडी दारावर खडूने माझदाचे इंजिन काढले. साध्या इंजिनात पिस्टन मागे-पुढे सरकतो. या इंजिनात पिस्टनच नसतो. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण लांबट पेटीत गरगर फिरतो. अशाच इंजिनाच्या माझदाने १९९१ साली फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. ती शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी मोटार. अम्मी चित्र पाहून म्हणाली, "अरे, हा तर समोसा!" तेव्हापासून आमच्या घरात त्या इंजिनाचे नाव समोसाच पडले.

अब्बा मात्र या गप्पांत कधी बसले नाहीत. ते ट्रॅक्टरने ऊस वाहतात. मोटारीचा विषय निघाला, की ते उठून जात.

मामूंनी लाल मोटारीला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावला, तेव्हा शेजारचे तान्हे मूल झोपेतून दचकून उठू लागले. मला तरी तो आवाज फार आवडे! पुढे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वाहनाची कंपनीने ठरवलेली मूळ रचना बदलता येणार नाही. मामूंनी मुकाट्याने सायलेन्सर उतरवला. रुंद चाकेही काढली. मी हिरमुसलो.

"आता उरलं काय?" मी विचारले.

"ब्रेक उरले, दिवे उरले," मामू म्हणाले. मग महिनाभर ते तेच करत बसले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात इंदापूरला एक लग्न होते. रात्री शेवटची एस.टी. चुकली. अब्बांना नाइलाजाने लाल मोटारीत बसावे लागले. निमगाव केतकी मागे पडले. लासुर्ण्याच्या अलीकडे मामूंनी एकदम ब्रेक दाबला. मी डोळे मिटून घेतले. उघडले, तेव्हा समोर हातभर अंतरावर उसाची ट्रॉली उभी होती. तिला मागे दिवा नव्हता, की लाल पट्टी नव्हती.

अब्बा खाली उतरले. मला वाटले, आता ते ओरडणार. चालक अंधारात चाक बदलत होता. अब्बांनी आपला पांढरा रुमाल मागच्या उसाला बांधला आणि चाक बदलून होईपर्यंत हातात बॅटरी धरून रस्त्यात उभे राहिले. परत मोटारीत बसल्यावर बराच वेळ ते गप्प होते. मग हळूच म्हणाले, "माझ्या ट्रॉलीलाही मागे काही नाही."

पुढच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर अब्बा ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या घेऊन गॅरेजवर हजर! मामूंच्या दोस्तांनी मिळून मागे लाल चमकत्या पट्ट्या चिकटवल्या, दिव्यांच्या तारा ओढल्या. काम संपल्यावर चहा आला. अब्बा बशी हातात घेऊन लोखंडी दारावरचे चित्र बघत होते.

"तुमच्या त्या समोशाला तेल किती लागतं हो?" त्यांनी विचारले.

"चांगलंच लागतं," मामू म्हणाले. "त्रिकोणाच्या टोकांना सतत तेल पोचावं लागतं. पेट्रोलबरोबर थोडं तेलही जळतं."

"म्हणजे आमच्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरसारखंच!" असे म्हणून अब्बा मोठ्याने हसले आणि चित्राजवळ स्टूल ओढून बसले.