चार टायर

खारदांड्याच्या गल्लीत रिक्षा आली तरी समोरच्याला भिंतीला चिकटावे लागते. तिथे आम्ही जुनी ऑडी क्वात्रो आणली. धाकट्या भावाचा हट्ट! व्याज नको म्हणून बँकेचे कर्ज टाळले. अम्मींच्या उमराहसाठी साठवलेले पैसे उसने घेतले. फॉर्म २९, ३० भरले, गाडी नावावर झाली.

पावसाळ्यात एक टायर फाटला. मेकॅनिक म्हणाला, "चारही बदला." या गाडीत इंजिनाचा जोर चारही चाकांना जातो; नव्या-जुन्या टायरांच्या घेरात फरक राहिला तर मधले डिफरेन्शियल तापून झिजते. घेताना आम्ही टर्बोची शिट्टी ऐकत बसलो, टायर पाहिलेच नाहीत.

अम्मी काही बोलल्या नाहीत. पासपोर्ट पुन्हा कपाटात ठेवला.

गाडी विकायला काढलीय. रविवारी गिऱ्हाईक येईल. टायरांचे त्याला आधीच सांगितले आहे.