मीटरमधले दव

मोटारसायकलच्या मीटरची काच आतून धुकटते, तेव्हा पाणी बाहेरून गळालेले असतेच असे नाही. पुष्कळदा ते आतल्या हवेतच वाफ होऊन बसलेले असते. ३० अंश सेल्सिअसच्या दमट हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. तीच हवा २० अंशांवर आली की जेमतेम १७. उरलेले बाष्प सर्वांत गार जागा शोधते आणि ती बहुधा काचच असते. श्रावणातल्या उन्हात तापलेली गाडी अचानक सरीत सापडते, किंवा वॉशिंग सेंटरवर गरम मीटरवर गार फवारा बसतो, तेव्हा नेमके हेच घडते.

मीटर हवाबंद नसतो. ऊन आणि आतले दिवे यांनी हवा फुगून बाहेर पडते, गाडी निवली की तेवढीच हवा पुन्हा आत ओढली जाते. या ये-जेसाठी डब्याला बारीक छिद्र असते. अनेक नव्या गाड्यांत त्यावर वाफेला वाट देणारा, पण पाण्याचा थेंब अडवणारा पातळ पापुद्रा बसवलेला असतो. बाहेर कोकणातला जुलै असेल, तर आत जाणारी हवाही ओलीच.

जुन्या मीटरातला तीन-साडेतीन वॅटचा तंतूचा बल्ब नकळत शेगडीचे काम करत असे. त्याच्या जागी एलईडी लावल्यावर उजेड पांढराशुभ्र मिळतो आणि काच पूर्वीपेक्षा उशिरा निवळते. मग दोष मीटरच्या माथी येतो.

पहिला प्रश्न वाळवण्याचा नव्हे, ओळखण्याचा. अर्धा-पाऊण तास गाडी चालवल्यावर धुके आपोआप जात असेल, तर मीटरला हात लावू नये. काचेवरून ओघळ उतरत असतील, तळाशी पाणी हलताना दिसत असेल किंवा तबकडीवर मळकट रेघ उमटली असेल, तर मात्र ती गळती आहे. काचेचा जोड, ट्रिपचे बटण आणि वायरी आत शिरतात तिथले रबर या संशयाच्या जागा. केबलवर चालणाऱ्या मीटरात केबलचे वरचे टोकही तपासावे. तिथे ग्रीस चोपडण्याची सवय वाईट. फिरती तार ते हळूहळू वर चढवते आणि काटा चिकटतो.

सर्वांत मोठी चूक सिलिकॉनच्या नळीने होते. पावसाळी दिवशी सगळे जोड आणि त्यांबरोबर श्वासाचे छिद्रही लिंपून टाकले, की ओल आतच कोंडली जाते. शिवाय व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे सिलिकॉन वाळताना आम्ल सोडते, ते तांब्या-पितळेला खाते. जोड बंद करायचाच तर आम्ल न सोडणारे सिलिकॉन घ्यावे, दिवस कोरडा निवडावा आणि छिद्र मोकळे ठेवावे.

वाळवण्यासाठी मीटर उतरवून, बल्बचे होल्डर काढून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवणे पुरेसे होते. तांदळाचा उपाय प्रसिद्ध आहे. त्यातून भुकटी तेवढी मिळते. हेअर ड्रायर वापरायचा तर मंद आणि दुरून, कारण प्लास्टिकची काच उष्णतेने वाकते आणि मग जोडाला खरोखरच फट पडते.

डिजिटल मीटरच्या सर्किटवर हिरवट बुरशीसारखा थर दिसू लागला, तर धातू गंजायला लागलेला असतो. स्पिरिटने पुसून काही काळ निभावते. आकडे तुटक दिसू लागले की मीटर बदलणे स्वस्त पडते. त्या वेळी जुन्या मीटरवरचे किलोमीटर आणि तारीख सर्व्हिस पुस्तिकेत लिहून ठेवावी.